अठराव्या किलोमीटरचं पाणी

त्या वर्षी आमची बटालियन ईशान्येकडच्या सरहद्दीवर, तेरा हजार फुटांवर होती. मी आल्फा कंपनीत हवालदार होतो. नाव प्रल्हाद राठोड, गाव राळेगाव तालुक्यातला एक तांडा, नोकरी सतरा वर्षं. माझ्याच सेक्शनमध्ये लान्स नायक मारोती टेकाम होता. तो झरी जामणी तालुक्यातला, जंगलातल्या एका कोलाम पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा. वय सत्तावीस. सगळ्या कंपनीत यवतमाळ जिल्ह्याचे आम्ही दोघंच, त्यामुळे ड्युटी संपली की आमची वऱ्हाडी सुरू व्हायची. तो घरी मात्र कोलामी बोलायचा. फोनवर बायकोशी बोलताना मला एक अक्षर कळायचं नाही.

पोस्टवर दिवस पाचला सुरू व्हायचा. पाणी खालच्या झऱ्यावरून आणावं लागायचं. चार जणांची पार्टी जरीकॅन घेऊन उतरायची आणि दीड तासाने परत चढायची. झरा गोठला की बर्फ वितळवायचं, आणि बर्फ वितळवायला रॉकेल जायचं. म्हणून पाणी जपून. मारोती रेडिओ ऑपरेटर होता. सकाळचा त्याचा रिपोर्ट ठरलेला असायचा: "वॉटर पार्टी परत. चार माणसं, चार जरीकॅन. ऑल ओके. ओव्हर." त्याहून एक शब्द जास्त नाही.

अशा ठिकाणी माणूस कमी पाण्यावर काम करायला शिकतो आणि हळूहळू त्याचा अभिमान धरतो. मी तर भरती झालो तेव्हापासूनच धरला होता. आमच्या जुन्या उस्तादांनी शिकवलं होतं की दौडताना पाणी प्यायलं की पोटात कळ येते, पाय जड होतात. तोंड खळखळायचं आणि थुंकायचं, बस. मी तसाच धावलो, मेडलं मिळवली. पुढे पीटीचा कोर्स केला. तिथं नेमकं उलटं शिकवलं. मी ते वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत लिहिलं, पास झालो. मैदानावर मात्र जुन्या उस्तादांचंच चालवलं.

जुलैत बटालियन खाली उतरणार होती. उतरल्यावर ब्रिगेडची तीस किलोमीटरची दौड होती, पाठीवर दहा किलोचा पिठ्ठू घेऊन. आमच्या टीमचा कॅप्टन मी आणि सगळ्यात चांगला धावणारा मारोती. मे महिन्यात दोघांनाही एकाच वेळी सुट्टी मिळाली. निघताना सुभेदार साहेबांनी मला बोलावून सांगितलं, सुट्टीत टीम ढिली पडता कामा नये. मी "जी साहब" म्हणालो.

मारोती आठ दिवस घरी राहिला. मग मी फोन केला.

"सोमवारी इकडं ये. दहा दिवस प्रॅक्टिस करू."

"येतो, उस्ताद."

त्याची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. सात महिन्यांनी तिने बापाला पाहिलं होतं, आणि आठ दिवसांत मी त्याला बोलावून घेतलं. तो सोमवारी दुपारी पांढरकवड्याच्या एसटीने आला. बायकोने मोहफुलांचे लाडू बांधून दिले होते, ते त्याने माझ्या बायकोच्या हातात दिले. माझी बायको सुमन त्याला भाऊ म्हणायची.

कडाक्याच्या थंडीतून आम्ही थेट विदर्भाच्या मे महिन्यात आलो होतो. अंगाला उन्हाची सवय व्हायला दोन आठवडे तरी लागतात, तेही रोज थोडं थोडं वाढवत नेलं तर. हेही माझ्या कोर्सच्या वहीत होतं. मी पहिल्याच दिवशी बारा किलोमीटर घेतले. तिसऱ्या दिवशी वीस. सातव्या दिवशी पूर्ण तीस घ्यायचे ठरवले, पिठ्ठूसकट.

सहाव्या दिवशी तांड्यावर माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. दुपारची पंगत. उन्हात मांडवाखाली बसून सगळे जेवलो. मारोतीला मी आग्रह करून वाढलं. संध्याकाळपासून त्याचं पोट बिघडलं. त्याने मला काही सांगितलं नाही.

आम्ही पावणेपाचला निघणार होतो. मी तयार होऊन अंगणात उभा होतो. मारोती परसाकडे गेला होता, तो परत आला आणि पुन्हा गेला. सुमनने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "भाऊचं पोट रातभर चालून राह्यलं. मी साखर-मिठाचं पानी देल्लं, तेही पोटात नाई राह्यलं. आज राहू द्या."

मी म्हणालो, त्याला विचारतो. मारोती आला, पिठ्ठू चढवला, समोर उभा राहिला.

"फिट आहेस?"

"फिट, उस्ताद."

हवालदाराने असं विचारल्यावर लान्स नायक दुसरं काय सांगणार? मला ते माहीत होतं. मला जे उत्तर हवं होतं ते मिळालं आणि मी ते घेतलं. सुमन दारात उभी होती. ती आत निघून गेली.

त्याच्या परसाकडच्या फेऱ्यांत दीड तास गेला. निघालो तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. खरं तर तेव्हाच दौड रद्द करायला हवी होती, कारण आता शेवटचे दहा किलोमीटर उन्हात येणार होते. मी हिशेब केला तो एवढाच, की उन्हात धावलो तर टीम आणखी पक्की होईल.

पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, दोन्ही माझ्या पिठ्ठूत. पहिलं पाणी अठराव्या किलोमीटरला, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

पहिले सात किलोमीटर ठीक गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी शेतं, कुठं कुठं उपटलेल्या पऱ्हाटीचे, कपाशीच्या वाळल्या काड्यांचे ढीग. आठव्या किलोमीटरला मारोती माझ्या बरोबरीने आला.

"उस्ताद, एक घोट भेटन का?"

"अठरावर."

तो मागे गेला. बाराव्या किलोमीटरला त्याने पुन्हा विचारलं. या वेळी "पानी" एवढाच शब्द. मी मान वळवली नाही. हाताने पुढे खूण केली. त्यानंतर त्याने मला मराठीत काहीच विचारलं नाही.

चौदाव्या किलोमीटरला मी मागे पाहिलं. त्याच्या बनियनवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या आणि बनियन कोरडं होतं. मी घामाने निथळत होतो आणि त्याला घाम नव्हता. याचा अर्थ मला पाठ होता. तरीही माझ्या मनात आलं ते असं, की गडी आता सेट झाला.

सोळाव्या किलोमीटरच्या पुढे त्याचे पाय वाकडे पडायला लागले. तो डांबरी सोडून शेतात उतरला. मी ओरडलो, "टेकाम, रस्त्यावर ये." तो थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि कोलामीत बोलायला लागला, जसं घरातल्या माणसाशी बोलावं तसं. त्यात एक शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "ईर, ईर." ईर म्हणजे पाणी. हे मला चार दिवसांनी कळलं, त्याच्या पोडावर. त्या वेळी मला वाटलं, तो कोणाला तरी हाक मारतो आहे.

मग तो ढेकळांत तोंडावर पडला. सात अठ्ठावन्न झाले होते.

मी त्याला उताणा केला, पिठ्ठू काढला. अंगाला हात लावला तर चटका बसला. मी बाटली काढून त्याच्या तोंडाला लावली. दात घट्ट बसले होते. पाणी गालावरून कानाकडे वाहून गेलं. मी पुन्हा ओतलं. तेवढ्यात पलीकडच्या शेतात पऱ्हाट्या गोळा करणाऱ्या तीन बाया धावत आल्या. त्यांतल्या म्हाताऱ्या बाईने माझा हात धरला.

"पाजू नोको. जीव जाईन त्याचा. आंगावर टाक."

त्यांच्याजवळ दिवसभराच्या पाण्याची पाच लिटरची कॅन होती. तिने ती पूर्ण त्याच्या डोक्यावर, मानेवर, काखेत, जांघेत ओतली. दुसरीने पदराने वारा घालायला सुरुवात केली. तिसरी रस्त्यावर जाऊन उभी राहिली. सोळा किलोमीटर मी ज्या गोष्टी विसरलो होतो, त्या सगळ्या त्या बायांना न शिकता येत होत्या. मी फक्त त्याचे बूट काढले.

सव्वाआठला राळेगावकडे जाणारी एसटी आली. बाईने हात करून थांबवली. ड्रायव्हर आणि मी मिळून त्याला उचललं, मधल्या जागेत आडवा केला. मी काही बोलायच्या आत लोकांनी आपापल्या बाटल्या उघडल्या आणि त्याच्या अंगावर पाणी टाकायला लागले. बसच्या फरशीवर पाणीच पाणी झालं. ड्रायव्हरने कुठंही स्टॉप घेतला नाही. आठ पस्तीसला आम्ही सरकारी दवाखान्यात होतो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी सलाईन लावलं, समोरच्या कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फाच्या लाद्या मागवल्या, ओल्या चादरी गुंडाळल्या. हात चालवत असतानाच त्यांनी विचारलं, किती धावला, शेवटचं पाणी कधी प्यायला, लघवीला कधी गेला, आधी काही त्रास होता का. लघवीचं मला माहीत नव्हतं. पोटाचं मी सांगितलं. पाण्याचं सांगताना म्हणालो, सकाळी प्यायला असेल.

पावणेदहाला त्याला ॲम्ब्युलन्सने यवतमाळला हलवलं. मी बरोबर होतो. वाटेत मी युनिटला फोन लावला. ॲडज्युटंट साहेबांनी घेतला. मी सांगितलं, हीट स्ट्रोक, बेशुद्ध, यवतमाळला नेतोय.

"दौडत कोणाच्या हुकमाने होता?"

"माझ्या, साहेब."

"ठीक. त्याच्याजवळून हलू नको."

मी हललो नाही. संध्याकाळी मूत्रपिंडं काम करेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मारोती गेला. त्याची बायको कमल आणि म्हातारे वडील अडीचला पोचले होते. त्यांना तो दिसला, पण बोलला नाही.

पोडावर माती झाली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून सलामीची तुकडी आली होती. तिरंगा घडी करून मीच कमलच्या हातात दिला. तिसऱ्या दिवसाच्या विधीच्या वेळी कोणी कोणाला "ईर" मागितलं आणि तांब्या पुढे आला, तेव्हा मी मांडवाबाहेर जाऊन उभा राहिलो.

महिन्याभराने युनिटमध्ये कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. तीन ऑफिसर होते. प्रश्न सरळ होते. दौड मी ठरवली होती का? होय, साहेब. त्याची तब्येत विचारली होती का? होय, साहेब, फिट म्हणाला. मग मधले मेजर साहेब म्हणाले, "पाणी बरोबर होतं?"

"होतं, साहेब. दोन बाटल्या."

"त्याने मागितलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही, साहेब."

हे दोन शब्द बोलायला मला वेळ लागला नाही. कागदावर नोंद झाली, की पाणी उपलब्ध असताना जवानाने ते घेतलं नाही आणि पोटाचा त्रास लपवला. मला ताकीद मिळाली. दोष मेलेल्या माणसाच्या नावावर गेला. त्या जुलैच्या दौडीत मी टीममध्ये नव्हतो. टीम कितवी आली हे मी विचारलंही नाही.

पुढच्या वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा सुमनने मला एकदाच विचारलं. "त्या भाऊनं पानी मागतलंच नाई का हो तुमाले?" तिच्या कानावर नोंद आली होती. मी तिला खरं सांगितलं. ती चूल फुंकत होती, फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाली, "मंग हे मले कायले सांगता? जिथं सांगाचं तिथं जा."

मी दुसऱ्या दिवशी झरी जामणीला गेलो. फाट्यापासून पोडापर्यंत चार किलोमीटर चालत. कमल आणि तिचे सासरे घरीच होते. त्यांनी खाट टाकली. मी खाटेवर बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, की मारोतीने पाणी मागितलं होतं, दोनदा, पाणी माझ्या पाठीवर होतं, मी दिलं नाही, पोटाचंही मला माहीत होतं, आणि साहेबांसमोर खोटं बोललो.

कमल रडली नाही. म्हणाली,

"लोक म्हन्ते, त्याले पयाचं याडच होतं. पानी संग असून पेला नाई. माह्या सासऱ्यालेही तसंच वाटते. वरीसभर मी हेच आयकून राह्यली." मग म्हणाली, "तुमी साहेबाले लिहून द्या. आन पोरगी समजती झाली का तिले तुमीच सांगजा. मी नाई सांगनार."

तिने सासऱ्यांना कोलामीत सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत होता. शेवटी एकच वाक्य बोलला. कमलने मला मराठीत सांगितलं, "शेवटची बस पाचले हाय, म्हन्ते."

मी निघालो.

युनिटमध्ये परत गेल्यावर मी सीओ साहेबांसमोर उभा राहिलो आणि लेखी दिलं. साहेब नवीन होते. त्यांनी पूर्ण वाचलं, पुन्हा चौकशी लावली. जुनी नोंद बदलली. मला सीव्हियर रेप्रिमांड, म्हणजे लेखी कडक ठपका मिळाला, नायब सुभेदारीच्या बढतीच्या यादीतून माझं नाव गेलं, आणि पीटीच्या कामावरून मला कायमचं काढलं. सगळं बरोबर होतं. बदललेल्या नोंदीची एक प्रत मी पोडावर पाठवली. हवालदार म्हणूनच रिटायर झालो.

आता राळेगावला पोलीस आणि आर्मीच्या भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी माझ्याकडे येतात. मी फी घेत नाही, पण माझ्या मैदानावर माझे नियम चालतात. लांब दौड असेल तर पाणी आदल्या दुपारपासून प्यायचं, सकाळी एकदम तांब्याभर ढोसायचं नाही. सकाळी लघवीचा रंग बघायचा, गडद पिवळा असेल तर त्या दिवशी धावायचं नाही, चालायचं. धावताना तहान लागली की दोन-चार घोट, आणि उन्हाळ्यात तासाच्या वर दौड गेली तर पाण्यात मीठ-साखर. नुसतंच पाणी पोटभर पीत सुटणंही वाईट, त्याने अंगातलं मीठ उतरतं आणि माणूस पडतो. ज्याचं पोट बिघडलंय तो घरी. ज्याचा घाम थांबला त्याला मी खेचून सावलीत बसवतो, तो कितीही नाही म्हणू दे. "फिट आहेस का?" हा प्रश्न मी कोणालाच विचारत नाही. मी बघतो. पाणी पोरांच्या स्वतःच्या हातात असतं, माझ्याकडे नसतं.

पहिल्याच दिवशी मी त्यांना मारोतीचं सांगतो, त्याचं आणि माझं नाव घेऊन. काही जण दुसऱ्या दिवशी येत नाहीत. त्यांच्या आईबापांना असा मास्तर नको वाटत असेल. त्यांना मी दोष देत नाही.

गेल्या हिवाळ्यात कमलचा निरोप आला. मुलगी नववीत होती, आश्रमशाळेतून सुट्टीला घरी आली होती. मारोतीचे म्हातारे वडील आता नाहीत. मी गेलो. मुलीचं नाव रेश्मा. उंचीने बापावर गेली आहे. ती ओसरीवर बसली, मी समोर बसलो. कमल आत होती, पण भांड्यांचा आवाज थांबला होता.

मी सगळं सांगितलं, वेळेसकट. सहा वीस, आठवा किलोमीटर, बारावा, सात अठ्ठावन्न. चौकशीत काय बोललो तेही. आता कागदावर काय आहे तेही. माझं संपल्यावरही ती खालीच पाहत होती. मला वाटलं, ती आता उठून जाईल. गेली असती तरी ते योग्यच होतं.

मग तिने विचारलं, "बाबा कसे पयत होते?"

तो कसा पळायचा, हे मला कोणीच विचारलं नव्हतं, ना चौकशीत, ना नंतर.

मी तिला एका जुन्या क्रॉसकंट्रीचं सांगितलं. ती आम्ही पोस्टवर चढण्याच्या आदल्या वर्षीची. टीम सहा जणांची होती आणि टीमची वेळ शेवटच्या माणसावर धरतात. मारोती सगळ्यांच्या पुढे होता, फिनिश लाइन त्याला दिसत होती. मागे वळून पाहिलं तर एक नवीन शिपाई टेकडीच्या पायथ्याशी बसलेला. मारोती वळला आणि उलटा खाली धावत गेला. त्याचा पिठ्ठू काढून स्वतःच्या छातीवर बांधला, आपला पाठीवर होताच. पोराचं मनगट धरलं आणि त्याला घेऊन चढ चढला. मी लाइनवर घड्याळ धरून उभा होतो आणि त्याला शिव्या देत होतो, कारण वेळ चालली होती. तो हसत होता. दम लागलेला, दोन पिठ्ठू अंगावर, आणि हसत होता.

"मंग जितले का तुमी?" रेश्माने विचारलं.

मी म्हणालो, नाही. दुसरे आलो. पण सहाच्या सहा माणसं पोचली होती.